आकाशांतील बांध आणि आपला माल

जमिनीला बांध असतात, पाटाच्या पाण्याला पाळी असते, परंतु वारा आणि आकाश हीं सर्वांचीं, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. आजच्या काळांत ही समजूत खरी राहिलेली नाहीं. एका खंडांतून दुसऱ्या खंडांत जाणाऱ्या विमानांच्या वाटा कोणत्या, त्या तशाच कां, आणि त्या बदलल्या म्हणजे भार कोणावर पडतो, हा विषय शेतकी मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. परंतु मुरबाड-शहापूरकडे निर्यातीसाठीं भेंडी लावणारा, किंवा आंब्याचीं कलमें जोपासून वाशीच्या बाजारांत पेट्या पाठविणारा शेतकरी हा, नकळत कां होईना, त्या वाटांचा वाटसरू झालेला आहे. ज्या रस्त्यानें आपली गाडी बाजारास जाते त्याची माहिती आपण ठेवतों. मग ज्या रस्त्यानें आपला माल विलायतेस व अमेरिकेस जातो त्याविषयीं अनभिज्ञ राहून कसें चालेल?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. विमानाची सर्वांत जवळची वाट पृथ्वीचा गोल ठरवितो, प्रत्यक्ष वाट मात्र खालच्या मुलुखाचे धनी ठरवितात. आणि वाट लांबली म्हणजे तिचा खर्च शेवटीं त्याच्या गळ्यांत पडतो, ज्याला त्या व्यवहारांत बोलण्यास जागा नाहीं. तो म्हणजे शेतकरी. ही गोष्ट ओळखून आपण आपली लागवड, आपला करार व आपली मागणी यांची आंखणी केली पाहिजे.

प्रथम वाटेचा विचार करूं. भिंतीवरचा सपाट नकाशा घेऊन मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टीनें रेघ मारली, तर ती ओमानचें आखात, इराक, तुर्कस्तान व बाल्कन देश यांवरून जाते. परंतु पृथ्वी नकाशासारखी सपाट नाहीं. घरांतला एखादा वाटोळा भोपळा घ्यावा. त्याच्या पोटाच्या बराच वर, देंठाच्या बाजूस, दोन खुणा कराव्या आणि त्यांमध्यें सुतळी घट्ट ताणावी. सुतळी आडवी सरळ न राहतां देंठाकडे सरकते, कारण तीच वाट आंखूड आहे. पृथ्वीच्या गोलावरहि असेंच घडतें. मुंबई व लंडन हीं दोन्हीं शहरें विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्यानें त्यांच्यामधील जवळची वाट उत्तरेकडे झुकते. ती मुंबईहून निघून जवळजवळ कराचीच्या माथ्यावरून बलुचिस्तानांत शिरते. पुढें इराण, कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र व युक्रेन यांवरून मध्य युरोपांत उतरते. हें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें.

अमेरिकेची गोष्ट याहून नवलाची आहे. सपाट नकाशावर मुंबई-न्यूयॉर्क ही रेघ अरबस्तान, मिसर व सहाराचें वाळवंट ओलांडून अटलांटिक महासागरांत पडते. गोलावर मात्र जवळची वाट सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान या मुलुखांवरून मॉस्कोच्या आसपास जाते, फिनलंडचें आखात ओलांडते, आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून अमेरिकेकडे वळते. मुंबईचा आंबा बर्फाच्या मुलुखावरून जातो असें सांगितलें तर थट्टा वाटेल. पण गणित तसेंच आहे.

यांत वाऱ्याचाहि वांटा आहे. उंच आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगानें वाहणारे वारे आहेत. विमान त्यांच्या पाठीवर बसलें तर लांबची वाटहि लवकर सरते. ऑक्टोबर २०१६ मध्यें एअर इंडियानें दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हें विमान अटलांटिकऐवजीं प्रशांत महासागरावरून नेण्यास आरंभ केला. त्या वाटेनें अंतर सुमारें १,४०० किलोमीटरांनीं वाढलें, तरी वेळ सुमारें दोन तासांनीं कमी झाला. सारांश, पृथ्वीचा आकार आणि वारा हे वाटेचे दोन नैसर्गिक कारागीर होत. त्यांच्याशीं आपलें भांडण नाहीं. पाऊस व ऊन यांशीं जसें जुळवून घ्यावें तसें यांच्याशीं वैमानिक जुळवून घेतो.

तिसरा कारागीर मात्र माणूस आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमानें असें मान्य केलें आहे कीं, प्रत्येक राष्ट्राचें आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व एकमेव स्वामित्व आहे. म्हणजे सात-बारा जसा जमिनीचा, तसा आकाशाचाहि. दुसऱ्याच्या आकाशांतून जावयाचें तर त्याची परवानगी पाहिजे, आणि वाट दाखविण्याच्या सेवेबद्दल दामहि मोजले पाहिजेत. कोणत्याहि देशाच्या हद्दीबाहेरील समुद्रावरचें आकाश तेवढें मोकळें आहे.

आपल्या वाचकांपैकीं अनेकांना वाटेच्या तंट्यांचा अनुभव असेल. शेजाऱ्यानें वहिवाटीची वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं अर्ज करून ती मोकळी करून घेतां येते. बांधावरून वाट मिळण्यासाठीं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचें १४३ वें कलम आहे. पंचनामा होतो, जुनी वहिवाट पाहिली जाते, निकाल लागतो. आकाशांत वहिवाटीचा हक्क असा नाहीं. पन्नास वर्षें विमानें ज्या वाटेनें गेलीं ती वाट एका रात्रींत बंद होऊं शकते, आणि ती दुसऱ्या दिवशीं उघडून देईल असा कोणी मामलेदार तेथें नाहीं.

वाट अडविली गेल्याचा अनुभव आपल्या कल्याणला नवा नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक समुद्रप्रवासाच्या ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पूर्वीं खुली बाजारपेठ असलेलें हें बंदर राज्यसत्ता बदलल्यावर अडविलें गेलें, आणि तेथें येऊन लागलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जाण्याचा संभव असे, असें तो ग्रंथकार सांगतो. समुद्र तोच होता, वारे तेच होते, मालहि तोच होता. बदलला होता फक्त धनी. त्या वेळीं कल्याणमागच्या मुलुखांतील माल विकणाऱ्यांचें काय झालें असेल, तें सांगण्यास ग्रंथकार लागत नाहीं.

विमानांच्या अगदीं आरंभींच्या काळांतहि तेंच दिसतें. १९२९ सालीं इंपीरियल एअरवेज या कंपनीनें लंडन ते कराची असा टपालमार्ग सुरू केला. तो इराणच्या किनाऱ्यावरून जात असे. पुढें इराणची परवानगी संपली, आणि १९३२ सालीं तोच मार्ग आखाताच्या पलीकडील अरबी किनाऱ्यानें, बहरीन व शारजा यांवरून, न्यावा लागला. त्याच वर्षीं १५ ऑक्टोबर रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या धांवपट्टीवर टपाल आणलें. त्या काळीं विलायतेची हवाई वाट आपल्यासाठीं कराचीच्या दारांतून उघडत होती. १९४७ सालीं फाळणी झाली आणि तें दार दुसऱ्या राष्ट्राकडे गेलें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान मुंबईहून लंडनला निघालें तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. म्हणजे गेल्या शंभर वर्षांत पृथ्वीचा गोल तसूभरहि बदलला नाहीं, पण आपल्या वाटेचे मुक्काम कितीदां तरी बदलले.

आतां अलीकडील स्थिति पाहूं. मुंबई-लंडनच्या ज्या जवळच्या वाटेचें वर्णन वर केलें, तिच्यावर तीन मोठीं फाटकें आहेत. पहिलें पाकिस्तान, दुसरें इराण, तिसरें युक्रेन. युक्रेनचें आकाश २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युद्ध सुरू होतांच नागरी विमानांस बंद झालें. इराणचें आकाश जून २०२५ मधील युद्धांत बंद पडलें, आणि त्याच महिन्यांत कतारसारख्या आखाती देशांनींहि कांहीं तास आपलें आकाश बंद केलें होतें. पाकिस्ताननें २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत आपलें आकाश बंद ठेवलें; त्या काळांत २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियास ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचें सरकारनें राज्यसभेंत सांगितलें. पुन्हां २४ एप्रिल २०२५ रोजीं पाकिस्ताननें भारतीय विमानांस मज्जाव केला, भारतानेंहि उलट तसाच मज्जाव केला, आणि त्याची मुदत पुढें महिन्यामहिन्यानें वाढत गेली.

या दोन तारखा शेतकऱ्यानें पंचांगाशीं ताडून पाहाव्या. २०१९ ची बंदी आंब्याच्या साऱ्या हंगामावर पसरली होती. २०२५ ची बंदी अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, आंबा भर पिकण्याच्या वेळीं आली. मोहोर, तुडतुडे, अवकाळी पाऊस या सर्वांतून पार पडलेलें फळ पेटींत बसतें तोंच वरची वाट लांबते, असा हा योग आहे.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. दिल्लीच्या विमानांस जेवढा फेर पडतो तेवढा मुंबईच्या विमानांस पडत नाहीं. आपल्या दारांत अरबी समुद्र आहे, आणि समुद्रावरचें आकाश मोकळें असल्यानें आपलें विमान पश्चिमेकडे सरकून आखाताकडून जाऊं शकतें. परंतु कमी फेर म्हणजे फेर नाहीं असें नव्हे. शिवाय अनेक विमानें एकाच अरुंद पट्ट्यांतून जाऊं लागलीं म्हणजे गर्दी व खोळंबा आलाच. उत्तर अमेरिकेस जाणाऱ्या एअर इंडियाच्या कांहीं विमानांना २०२५ मध्यें इंधन घेण्यासाठीं व्हिएन्ना व कोपनहेगन येथें उतरावें लागलें, हें सर्वश्रुत आहे.

वाट लांबली म्हणजे मालाचें काय होतें, हें समजण्यास मोठी विद्या नको. लांबच्या मजलेस निघणारा गाडीवान बैलांसाठीं वैरण बरोबर घेतो. मजल जितकी लांब तितकी वैरण अधिक, आणि वैरण अधिक तितकी मालास जागा कमी. विमानाचें तसेंच आहे. उडतांना त्याचें एकंदर वजन अमुक मर्यादेपलीकडे जाऊन चालत नाहीं. बोइंग ७७७ जातीचें मोठें विमान तासास सुमारें सात-आठ टन इंधन जाळतें. वाट एका तासानें वाढली कीं तेवढें इंधन अधिक भरावें लागतें, आणि तें वाहून नेण्यासाठीं आणखी कांहीं इंधन जळतें तें वेगळेंच. प्रवाशानें तिकीट काढलेलें असतें. त्यास खालीं उतरवीत नाहींत. उतरतो तो विमानाच्या पोटांतला माल. आपला आंबा, आपली भेंडी, बहुतांशी या पोटांतूनच प्रवास करते. लोखंडाचा सुटा भाग आज राहिला तर उद्यां जाईल. भेंडी उद्यां जून होते, आणि आंबा परवां डागाळतो.

यावर कोणी म्हणेल, ‘ही चिंता निर्यातदाराची. शेतकऱ्यानें मळ्यांत माल द्यावा आणि पैसे घेऊन मोकळें व्हावें.’ हा युक्तिवाद ऐकण्यास बरा, पण हिशेबास उतरत नाहीं. परदेशच्या बाजारांत मिळणारा भाव हा तेथील गिऱ्हाइकाच्या ऐपतीनें ठरतो. त्यांतून विमानभाडें वजा, हाताळणी वजा, अडत व नफा वजा, आणि जें उरेल तो मळ्यावरचा भाव. या वजाबाकींत इंधनाचा आंकडा कंपनी ठरविते, हाताळणीचा आंकडा विमानतळ ठरवितो, नफ्याचा आंकडा व्यापारी ठरवितो. ज्याचा आंकडा दुसरे ठरवितात असा एकच, तो म्हणजे शेतकरी. म्हणून वरची वाट वांकली कीं खालचा भाव वांकतो.

याच संदर्भांत दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. २०२५ मध्यें आकाश बंद होतांच एअर इंडियानें आपला अंदाजित तोटा सरकारपुढें मांडून साहाय्याची मागणी केल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. त्यांत गैर कांहीं नाहीं. ज्याचें नुकसान होतें त्यानें तें सांगावेंच. पण त्या तोट्याचा जो भाग मालभाड्याच्या रूपानें मळ्यापर्यंत झिरपला, त्याचा हिशेब कोणीं मांडला? कंपनीजवळ हिशेबनीस होते, वकील होते. आपल्याजवळ फक्त कुरकूर होती, आणि कुरकुरीस कोणतेंहि खातें दाद देत नाहीं.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून स्पष्ट सांगतों. राष्ट्राच्या संरक्षणासाठीं आकाश बंद ठेवावें लागलें तर शेतकरी त्याविरुद्ध ब्रहि काढणार नाहीं. सैन्यांत जाणारे पुष्कळसे मुलगे शेतकऱ्यांचेच असतात. परंतु राष्ट्रासाठीं सोसावयाचा भार सर्वांत वांटला जावा, तो फक्त मुक्यांच्या पाठीवर लादला जाऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

आकाशांतील वाटेचें एक टोक जमिनीवर असतें, आणि ती जमीनहि बहुधा कोणा शेतकऱ्याचीच असते, हें कल्याणकरांइतकें दुसऱ्यास क्वचित् ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनें कल्याणजवळ नेवाळी येथें धांवपट्टीसाठीं आसपासच्या गांवांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. युद्ध १९४५ सालीं संपलें, विमानें गेलीं, जमिनी मात्र परत आल्या नाहींत. त्या तंट्यानें बहात्तर वर्षांनंतर, २२ जून २०१७ रोजीं, दंगलीचें रूप घेतलें. जाळपोळ व मारहाण यांचें समर्थन कोणीहि शहाणा माणूस करणार नाहीं. पण पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत ठेवलेला प्रश्न एक दिवस पेट घेतो, हा धडाहि विसरतां येत नाहीं. आतां पनवेलजवळ सुमारें १,१६० हेक्टरांवर नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला असून ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन व २५ डिसेंबर २०२५ रोजीं विमानांची प्रत्यक्ष ये-जा सुरू झाली. त्यासाठींहि गांवें उठलीं. ज्या जमिनीवरून वाट सुरू होते ती शेतकऱ्यानें द्यावी, ती वाट लांबली तर भाडें शेतकऱ्यानें सोसावें, आणि वाटेच्या कोणत्याच निर्णयांत त्यास विचारूं नये, ही व्यवस्था न्यायाची नव्हे.

मग करावें काय? नुसत्या गाऱ्हाण्यानें पान भरून थांबणें या मासिकाच्या रीतीस धरून होणार नाहीं. आमच्या मतें चार गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पहिली गोष्ट कराराची. निर्यातदाराशीं बोलणी करतांना आपण फक्त किलोचा भाव विचारतों. यापुढें माल कोणत्या कंपनीच्या विमानानें व कोणत्या वाटेनें जाणार, हेंहि विचारावें. २०२५ ची पाकिस्तानची बंदी भारतीय विमानांपुरती होती. परदेशी कंपन्यांच्या विमानांस ती लागू नव्हती. तेव्हां एकाच गांवास जाणाऱ्या दोन विमानांच्या वाटा निराळ्या असूं शकतात. करारांत मूळ भाडें व वळणामुळें वाढलेलें भाडें हे दोन आंकडे निराळे लिहवून घ्यावे, आणि वाट पूर्ववत् होतांच दुसरा आंकडा गळावा अशी अट घालावी. वाढलेलें भाडें एकदां मूळ भाड्यांत मुरलें कीं तें पुन्हां बाहेर निघत नाहीं.

दुसरी गोष्ट पेटीची. विमानांत भाडें नुसत्या वजनावर नसतें. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करतात व त्यास ६,००० नें भागतात. येणारा आंकडा आणि प्रत्यक्ष किलो यांपैकीं जो मोठा, त्यावर भाडें पडतें. समजा पेटी ४० लांब, ३० रुंद व २० उंच आहे. गुणाकार २४,००० झाला. भागून ४ आले. अशा पेटींत पेटीसुद्धां तीनच किलो वजन भरलें असेल, तर एका किलोचें भाडें आपण निव्वळ हवेबद्दल देतों. आकाशांतील फाटक आपल्याच्यानें उघडणार नाहीं. पण पेटींतली हवा काढून टाकणें आपल्या हातीं आहे. एका गांवच्या पांच-दहा बागाइतदारांनीं एकाच मापाच्या पेट्या वापरल्या व माल एकत्र दिला, तर भाड्याची घासाघीस करण्यास तोंड मिळेल.

तिसरी गोष्ट वाटा वांटून घेण्याची. ज्या शेतकऱ्याचा सारा माल एकाच दूरच्या शहरावर अवलंबून आहे, त्यानें एकाच पावसावर साऱ्या शेताचा भरंवसा ठेवल्यासारखें आहे. मुंबई ते दुबई हें अंतर दोन हजार किलोमीटरांच्या आंत असून वाट बहुतेक मोकळ्या समुद्रावरून आहे. भेंडी-मिरचीसारख्या नाजूक मालास ती अधिक भरंवशाची. जून २०२५ चा अनुभव पाहतां तीहि अगदींच निर्धोक नव्हे, म्हणून कांहीं भाग मुंबई-ठाण्याच्या बाजारासाठीं राखावाच. टिकाऊ फळास जहाजाची वाट आहे. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें १९३२ व १९३३ सालींच बोटीनें विलायतेस आंबा पाठविण्याचे प्रयोग केले होते. २०२२ सालीं विकिरण प्रक्रिया केलेला आंबा समुद्रमार्गें सुमारें पंचवीस दिवसांत अमेरिकेस पोंचविण्यांत आला. जहाजांच्या वाटेसहि विघ्नें आहेत. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रांतील हल्ल्यांमुळें पुष्कळ जहाजांना आफ्रिकेस वळसा घालावा लागला. पण दोन वाटा असणारा माणूस एका वाटेच्या माणसापेक्षां केव्हांहि बरा.

चवथी गोष्ट संघटित मागणीची. नव्या विमानतळावर नाशिवंत मालासाठीं पुरेशी शीतगृहें असावीं, आणि मालास जागा देतांना नाशिवंतास अग्रक्रम मिळावा. मुरबाड-कल्याणचा माल शीळफाटा-तळोज्याच्या वाटेनें मुंबईची गर्दी टाळून तेथें पोंचूं शकतो, ही सोय कागदावर न राहतां प्रत्यक्षांत यावी. आकाश बंद असण्याच्या काळांत विमान कंपन्यांस कांहीं साहाय्य दिलें गेल्यास, त्यांतील योग्य वांटा मालभाडें उतरविण्याकडे जावा, अशी अट सरकारनें घालावी. ही मागणी एकट्या-दुकट्यानें करून भागणार नाहीं. यासाठीं आपल्या संघानें प्रत्येक हंगामांत सभासदांकडून भाड्याचे आंकडे गोळा करून ठेवावे. ज्याच्याजवळ आंकडे आहेत त्याचें म्हणणें ऐकलें जातें.

हें होण्यासारखें आहे काय, अशी शंका घेणाऱ्यांस एक दाखला देतों. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें फळमाशीच्या कारणावरून आपल्या आंब्यास, तसेंच कारलें, पडवळ, वांगें व अळू यांसहि बंदी केली होती. तेंहि एक बंद फाटकच होतें. पण त्याचें कारण आपल्या मालांत होतें, म्हणून त्याची किल्लीहि आपल्याजवळ होती. फळांवर प्रक्रिया सुधारली, तपासणी कडक झाली, आणि आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभींच उठली. जें फाटक आपल्या कामानें उघडतें तें वर्षाच्या आंत उघडलें. जें आपल्या कामानें उघडत नाहीं, त्याच्यासाठीं निदान दुसरी वाट, नीट करार आणि खरा हिशेब तयार ठेवणें हें तरी आपलें काम आहे.

राष्ट्रांराष्ट्रांतील तंटे कधीं मिटतील हें सांगणें शेतकऱ्याच्या आवांक्यांतलें नाहीं. परंतु पुढील हंगामाचा मोहोर येण्यापूर्वीं पेटीचें माप घेणें, निर्यातदारास विमानाची वाट विचारणें, आणि भाड्याची पावती जपून ठेवून तिची नक्कल संघाकडे पाठविणें, एवढें प्रत्येकाला करतां येईल. आमच्या वाचकांनीं या वर्षीं एवढें जरी केलें, तरी पुढच्या वेळीं आकाशाचें दार बंद झाल्यावर नुकसानीचा आंकडा सांगण्यास आपणहि पुढें उभे राहूं शकूं.